खाट घरची, योजना रुग्णालयाच्या : असाध्य रुग्णांच्या अर्थसाहाय्याचा प्रश्न

पापनाशम (जि. तंजावर, तमिळनाडू) : ‘आता घरी घेऊन जा’ असे डॉक्टरांनी सांगितल्यावर रुग्णाचा आजार संपत नाही, संपतो तो विम्याचा आधार. शस्त्रक्रिया, किरणोपचार, अतिदक्षता विभागातील दिवस यांसाठी देशात आज सरकारी विमा आहे, मदतनिधी आहेत, धर्मादाय खाटाही आहेत. मात्र बरा न होणारा रुग्ण घरच्या खाटेवर आला की, यांपैकी बहुतेक दारे एकाच वेळी बंद होतात. त्यानंतरचे आठवडे किंवा महिने कुटुंबाने कशाच्या बळावर काढायचे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक राज्याने आपापल्या परीने शोधले आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील पापनाशमसारख्या तालुक्यात हे उत्तर किती पुरते आणि कुठे अपुरे पडते, हे पाहण्यासारखे आहे.

तंजावर आणि कुंभकोणम या दोन शहरांच्या दरम्यान, लोहमार्गावर वसलेले हे गाव. (तिरुनेलवेली जिल्ह्यातील धबधब्याचे पापनाशम वेगळे.) भोवताली भातशेती, शेतमजुरांची मोठी वस्ती आणि पल्लैवननाथर मंदिरालगत नायक राजवटीच्या काळातील धान्याचे एक भव्य गोलाकार कोठार. वाईट दिवसांसाठी साठा करून ठेवण्याची रीत या भागाला नवी नाही. आजारपणाचा साठा मात्र शेतमजुराच्या घरात क्वचितच असतो.

घरच्या शुश्रूषेत पैसा नेमका कशावर जातो, याविषयी बाहेरच्या माणसाचा अंदाज हमखास चुकतो. खर्च मुख्यतः औषधांचा असेल, असे वाटते. प्रत्यक्षात वेदनेवरचे सर्वांत परिणामकारक औषध, म्हणजे तोंडाने घेण्याचे मॉर्फिन, स्वस्त औषधांत मोडते. पैसा जातो तो जखमेच्या मलमपट्टीच्या सामानावर, प्रौढांच्या डायपरवर, लघवीच्या नळीवर, शय्याव्रण होऊ नये म्हणून लागणाऱ्या हवेच्या गादीवर, नळीवाटे द्यायच्या पातळ अन्नावर, ऑक्सिजन यंत्राच्या भाड्यावर आणि ते यंत्र चालवणाऱ्या विजेवर. आडव्या पडलेल्या रुग्णाला बसमधून नेता येत नाही, म्हणून गाडी करावी लागते. याशिवाय एक खर्च असा आहे, की त्याची पावतीच मिळत नाही : शुश्रूषेसाठी घरी थांबणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी. हे माणूस बहुतेक घरांत बायको, सून किंवा मुलगी असते. काही घरांत ती शाळा सोडलेली मुलगी असते.

आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या प्रवर्तक डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते, तिला मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अंगेही असतात, अशी ‘समग्र वेदने’ची कल्पना त्यांनी मांडली. घरावर चढणारे कर्ज हा त्या सामाजिक वेदनेचाच भाग होय. मुलाने जमीन गहाण टाकली हे कळल्यावर रुग्ण गोळ्या घेणे थांबवतो, असा अनुभव या क्षेत्रातील कार्यकर्त्यांना नवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा उपशामक शुश्रूषेची गरज असते. ती मिळते मात्र सुमारे १४ टक्के लोकांना.

विम्याची रचना पाहिली, म्हणजे अडचण कुठे आहे ते उमजते. तमिळनाडूतील मुख्यमंत्री सर्वंकष आरोग्य विमा योजना केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यातून मिळतात आणि उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख २० हजार रुपये आहे. रक्कम मोठी आहे. पण ती रुग्णाच्या हाती येत नाही, रुग्णालयाकडे जाते, आणि तीही ठरलेल्या उपचारांसाठी. आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढाच बाहेरचा खर्च धरला जातो. सोळाव्या दिवसापासून घरातली खाट योजनेच्या नकाशाबाहेर जाते. खासगी विम्यातील ‘घरगुती रुग्णोपचार’ हे कलमही, ज्याला खरे तर रुग्णालयातच ठेवायला हवे होते, अशा रुग्णापुरते असते. ज्याला रुग्णालयात ठेवण्यात काही अर्थ उरलेला नाही, त्याच्यासाठी ते लिहिलेले नाही.

केंद्रीय पातळीवरील मदतनिधींचीही तीच गत आहे. राष्ट्रीय आरोग्य निधी, आरोग्यमंत्र्यांचे स्वेच्छा अनुदान, पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधी यांचे साहाय्य प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांच्या खर्चाशी बांधलेले असते. अर्जासोबत रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडावे लागते. घरी बसून दोन वेळा जखम धुणाऱ्या सुनेच्या श्रमांचे अंदाजपत्रक कोण देणार?

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि निरर्थक ठरलेले उपचार थांबवण्याची रीत घालून दिली. २०२३ मध्ये ती रीत सोपी करण्यात आली. उपचार थांबवून घरी जाण्याचा मार्ग कायद्याने असा मोकळा केला. त्या मार्गावरचा खर्च मात्र अजूनही कुटुंबाच्याच माथी आहे.

तमिळनाडूने या बाबतीत एक वेगळी वाट धरली. ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातील सामनपल्ली येथे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ ही योजना सुरू केली. नावाचा अर्थ ‘लोकांच्या शोधात निघालेले वैद्यक’. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना घरपोच औषधे हा तिचा सर्वांत गाजलेला भाग आणि त्यासाठीच संयुक्त राष्ट्रांच्या असंसर्गजन्य आजारांविषयक कृती दलाने २०२४ मध्ये तिचा गौरव केला. परंतु अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या दृष्टीने तिचे महत्त्व दुसऱ्याच दोन गोष्टींत आहे. उपशामक शुश्रूषेची परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट विकासगटाच्या गाडीतून घरी येतात. तसेच पोटाच्या पडद्यातून घरीच डायलिसिस करणाऱ्या रुग्णाला त्यासाठीच्या द्रावणाच्या पिशव्या घरपोच मिळतात. पापनाशम हा विकासगट असल्याने ही व्यवस्था तिथेही लागू आहे. गावातील बचत गटांतून निवडलेल्या महिला आरोग्य स्वयंसेविका हा तिचा पहिला दुवा. कोणत्या घरात कोण पडून आहे, हे त्यांना कागदावाचून ठाऊक असते.

ही रोख मदत नव्हे. तरीही परिचारिका घरी आल्याने वाचलेले गाडीभाडे आणि वाचलेला मजुरीचा दिवस हे अर्थसाहाय्यच आहे. किंबहुना अर्ज, दाखला आणि वशिला यांतले काहीही न लागणारे अर्थसाहाय्य आहे. त्याची मर्यादाही उघड आहे. एका गटाला एक गाडी आणि गावे अनेक, तेव्हा परिचारिकेची पुढची फेरी कधी, हे रुग्णाच्या वेदनेवर नव्हे तर वेळापत्रकावर ठरते. मलमपट्टी ती शिकवून जाते. कापूस आणि पट्ट्या संपल्या की, कुटुंबाला पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते.

मॉर्फिनची कथा थोडी निराळी. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे देशातील वैद्यकीय मॉर्फिनचा वापर पुढील वर्षांत कमालीचा घसरला. डॉक्टर लिहून देईनात, दुकानदार ठेवीनात. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वर्ग केला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्याचा मार्ग सुटसुटीत केला. तरी तालुक्याच्या गावात ही गोळी सहज मिळेलच, असे नाही. जवळ न मिळणाऱ्या स्वस्त औषधासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन यावे लागले, तर ते महागच पडते. आणि ते न मिळाल्यास खासगी दुकानातून घ्यावी लागणारी त्वचेवर चिकटवण्याची वेदनाशामक पट्टी मॉर्फिनच्या कित्येक पटींनी महाग असते.

रोख पैशाचा विचार केला, तर कुटुंबाच्या हाती खरोखर पडते ते निवृत्तिवेतन. तमिळनाडूत वृद्ध आणि निराधारांचे मासिक निवृत्तिवेतन ऑगस्ट २०२३ पासून १,००० वरून १,२०० रुपये करण्यात आले. तीव्र दिव्यांगत्व, पार्किन्सन, स्नायूंचा ऱ्हास, मज्जारज्जूची दुखापत अशा स्थितीतील व्यक्तींना दरमहा २,००० रुपयांचा निर्वाह भत्ता आहे. केंद्राचा वाटा त्यामानाने फारच थोडा : ६० ते ७९ वयाच्या वृद्धासाठी २०० रुपये, ८० नंतर ५०० रुपये. आता हे आकडे मजुरीशी ताडून पाहावेत. २०२५-२६ मध्ये तमिळनाडूत रोजगार हमीची दिवसाची मजुरी ३३६ रुपये होती. म्हणजे १,२०० रुपये ही साडेतीन दिवसांची मजुरी. शुश्रूषा करणारी स्त्री महिन्यात दहा दिवस कामाला मुकली, तर ३,३६० रुपये बुडतात. निवृत्तिवेतनाची जवळजवळ तिप्पट रक्कम. यात गादी नाही, नळी नाही, गाडी नाही. राज्यात महिलांना साध्या नगरबसमधून २०२१ पासून विनाशुल्क प्रवास आहे, त्यामुळे औषध आणायला जाणाऱ्या बाईचे तिकीट तेवढे वाचते. लहान वाटणारी ही सवलत अशा घरांत मोठी असते.

आणखी एक गोष्ट पैशाहून अधिक दुर्मिळ असते. ती म्हणजे वेळ. ग्राम प्रशासकीय अधिकाऱ्याचा अहवाल, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, तहसील कार्यालयाची मंजुरी आणि मग बँकेत जमा होणारा पहिला हप्ता, ही साखळी सुरळीत चालली तरी तिला लागणारा काळ महिन्यांत मोजावा लागतो. शेवटच्या टप्प्यातील कर्करुग्णाचा काळ आठवड्यांत मोजला जातो. दीर्घकाळच्या दिव्यांगत्वासाठी आखलेली ही यंत्रणा मरणाच्या वेगाने चालू शकत नाही. धर्मादाय मदतीची खरी जागा नेमकी याच फटीत आहे.

अशा मदतीचा या जिल्ह्यातील इतिहास मराठी वाचकाला परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरला मराठी राज्य स्थापिले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. या घराण्याने रामेश्वराच्या यात्रामार्गावर छत्रे उभारली. त्यांपैकी अनेकांना राजस्त्रियांची नावे आहेत. ओरत्तनाडू येथील मुक्तांबा छत्र त्यांतील विशेष प्रसिद्ध. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांच्या कामाचे तपशीलवार वर्णन केले आहे. वाटेत आजारी पडलेल्या प्रवाशाला औषध आणि त्याच्या प्रकृतीला मानवेल असा आहार मिळे, वैद्य नेमलेले असत, बाळंतिणीची काळजी घेतली जाई, अनाथ मुलांना शिक्षण दिले जाई, आणि जो दगावे त्याचे अंत्यसंस्कारही तिथेच होत. आजच्या शब्दांत सांगायचे, तर उपचार, पोषण, आश्रितांचा सांभाळ आणि अंत्यविधी हे सारे एकाच छपराखाली होते. अर्थात ते सगळे त्या काळच्या जातिव्यवस्थेच्या चौकटीत होते, हे विसरून चालणार नाही. मात्र त्याची आर्थिक बाजू आजही विचार करण्याजोगी आहे. छत्रांना जमिनींचे उत्पन्न कायमचे तोडून दिलेले होते. दर वर्षी नव्याने कोणापुढे हात पसरावा लागत नसे. त्यांच्या व्यवस्थापनावर कंपनी सरकारने हात घालू नये, हीच त्या पत्रातील राजांची मुख्य विनंती होती. पुढे छत्रांचा कारभार जिल्हा प्रशासनाकडे गेला आणि आजही त्यांच्याकडेच आहे.

आजच्या काळात कायमच्या आणि स्थानिक निधीचे उत्तर शेजारच्या केरळने शोधले. १९९३ मध्ये कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपशामक शुश्रूषेची संस्था काढली. त्यातून पुढे मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. तिथे निधीचा मुख्य आधार मोठा देणगीदार नव्हता. दुकानदार, मजूर, विद्यार्थी यांच्या थोड्याथोडक्या पण नियमित देणग्यांवर काम चाले. या पैशातून औषधांखेरीज घरी तांदूळ पोहोचवला जाई आणि रुग्णाच्या मुलांची शाळा चालू ठेवली जाई. २००८ मध्ये केरळने उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. पंचायती आपल्या अंदाजपत्रकातून घरभेटींचा खर्च करू लागल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्यालाच दरमहा ६०० रुपये देणारी ‘आश्वासकिरणम’ योजनाही याच राज्यातली. रक्कम तुटपुंजी आहे. पण शुश्रूषा करणारी व्यक्तीही मदतीस पात्र आहे, हे सरकारी कागदावर आले, ही गोष्ट लहान नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यात धर्मादाय मदतीने वेगळे रूप घेतले. तिथे घरभेटींच्या आधी वास्तू उभ्या राहिल्या. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ‘शांती आवेदना सदन’ सुरू केले. ते भारतातील पहिले हॉस्पिस मानले जाते. गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा आहे आणि शुश्रूषा विनामूल्य आहे. पुण्यात वारजे येथील सिप्ला उपशामक शुश्रूषा केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देते. तिथे रुग्णासोबत घरचे माणूसही राहते आणि नळी कशी स्वच्छ करावी, कूस कशी बदलावी, हे शिकून घरी जाते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांचा आणि नातलगांचा निवाऱ्याचा खर्च वाचवते. तंजावरची छत्रे आणि ही धर्मशाळा यांचे नाते सांगायला हवेच असे नाही.

कायद्याच्या बाजूने महाराष्ट्रात एक मोठी तरतूद आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. यातही मोजमाप खाटेचेच आहे आणि खाट रुग्णालयाची आहे. घरी गेलेल्या निर्धन रुग्णाला त्या निधीवर सहजासहजी हक्क सांगता येत नाही. रोख मदतीसाठी त्याला संजय गांधी निराधार अनुदान योजनेकडे वळावे लागते. कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात, कुष्ठरोग, एड्स अशा आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांना तिच्यातून दरमहा १,५०० रुपये मिळतात. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम २०२५ मध्ये २,५०० रुपये करण्यात आली. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण अट मात्र २१ हजार रुपयांची आहे. महिन्याला १,७५० रुपयांत राहणारे कुटुंब शोधून काढणे आज तलाठ्यालाही अवघड जावे.

खासगी दातृत्वाचे प्रवाह कुठे वाहतात आणि कुठे आटतात, हेही समजून घ्यायला हवे. प्राप्तिकर कायद्यातील सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, थेट एखाद्या रुग्णाच्या हाती दिलेल्या पैशावर नाही. शिवाय २,००० रुपयांहून अधिक रोख देणगी सवलतीस पात्र ठरत नाही. समाजमाध्यमांवरून लोकवर्गणी जमवण्याची पद्धत अलीकडे रुळली आहे. तिचा पाया ‘एवढे पैसे मिळाले तर हा जीव वाचेल’ या आशेवर असतो. जो वाचणार नाही, पण ज्याचे उरलेले दिवस वेदनारहित करता येतील, त्याच्यासाठी अशी हाक प्रभावी ठरत नाही. या रुग्णांसाठी पैसा उभा करणाऱ्या संस्थांना म्हणूनच व्यक्तीच्या नावाने नव्हे, तर कामाच्या नावाने निधी मागावा लागतो. हवेच्या गाद्या, खाटा आणि चाकांच्या खुर्च्या विकत घेऊन त्या आळीपाळीने घरोघर वापरायला देणे, हा या पैशाचा सर्वांत काटकसरीचा उपयोग होय. एक गादी वर्षात अनेक घरांत जाते.

पापनाशम परिसरातील कुटुंबाने सुरुवात कुठून करावी? पहिली पायरी विमा कार्यालयाची नसून जवळच्या आरोग्य उपकेंद्राची आणि तिथल्या स्वयंसेविकेची आहे. तिच्यामार्फत गटाच्या उपशामक परिचारिकेकडे नाव नोंदले जाते. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर निदान आणि ‘उपशामक शुश्रूषेची गरज’ असा स्पष्ट उल्लेख असल्यास पुढचे दाखले मिळवणे सोपे जाते, म्हणून तो तिथेच मागून घ्यावा. निवृत्तिवेतनाचा किंवा निर्वाह भत्त्याचा अर्ज ई-सेवा केंद्रातून त्याच आठवड्यात करावा. रुग्ण आणखी खंगण्याची वाट पाहू नये. अर्ज अडल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या सोमवारच्या तक्रार निवारण दिनी नातलगाला जाता येते. कर्करुग्णाला उपचारासाठी रेल्वेने जावे लागल्यास शयनयान आणि तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात त्याचे भाडे पूर्ण माफ होते, सोबत्याला तीन चतुर्थांश सवलत मिळते; त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

कमावता माणूस १८ ते ५९ या वयात दगावल्यास दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला केंद्राच्या कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळू शकतात. तो आजारी असताना मिळणाऱ्या साडेतीन दिवसांच्या मजुरीच्या तुलनेत ही रक्कम मोठी आहे; मात्र तीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि सोबत मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. निवृत्तिवेतन मृत्यूपासून थांबते, त्यामुळे त्या घटनेची नोंद वेळेत केली नाही तर जादा जमा झालेली रक्कम परत करण्याचा प्रसंग येतो. घरात उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना न देता परिचारिकेकडे किंवा त्या दिलेल्या केंद्राकडे परत कराव्या लागतात, आणि उसनी आणलेली गादी धुऊन पुढच्या घरासाठी मोकळी करायची असते.